इंग्लंडात पब ब्रुअरीचा, मग आयर्लंडात पब पबवाल्याचाच कसा काय?

लीकाठी
मंडळी, एक प्रश्न गेला महिनाभर डोक्यात घोळतोय आणि ऑफिसात कुणाला विचारायची सोय नाही, सगळे टीटोटलर किंवा जिमवाले.

चार वर्षं इंग्लंडात रेडिंगला होतो, आता कंपनीने आयर्लंडात कॉर्कला पाठवलंय, आठ महिने झाले. रेडिंगला घराजवळच्या तीन पबांपैकी दोघांच्या पाटीवर पबच्या नावाखाली ब्रुअरीचं, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपनीचं नाव होतं, एक ग्रीन किंगचा आणि एक फुलर्सचा. आत गेलं की मेन बिअर त्यांचीच, बाकी पाहुणे. मी गृहीत धरलं होतं की सगळीकडे असंच असतं, जसं आपल्याकडे अमूलचं पार्लर म्हटलं की अमूलचंच श्रीखंड मिळणार. इथे आलो तर पाटीवर सरळ माणसाचं आडनाव, ब्रुअरीचा पत्ता नाही, आणि एकाच काउंटरवर डब्लिनची गिनेस आणि इथल्या कॉर्कच्या मर्फीज, बीमिश, तिन्ही काळ्या बिअरचे नळ शेजारी शेजारी. नेटवर शोधलं तर सगळीकडे एकच वाक्य, आयर्लंडात ब्रुअऱ्यांनी पब घेतलेच नाहीत.

इथपर्यंत ठीक होतं. पण माझ्या शेजारी एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे, दर गुरुवारी त्यांना काठीच्या वेगाने कोपऱ्यावरच्या पबात घेऊन जातो (रस्ता क्रॉस करायला शंभर मीटर, वीस मिनिटं, मधे दोनदा थांबून राजकारण). ते परवा म्हणाले, हा पब पूर्वी मर्फीजचा होता, भाडं ब्रुअरीला जायचं, आणि माझा बाप इथे गिनेस मागायचाच नाही कारण मिळायचीच नाही. आता खरं कुणाचं, नेटचं का आजोबांचं?

जुना_पापी
दोघांचंही. नेटवर जे फिरतं ते डब्लिनचं खरं आहे आणि आजोबांचं कॉर्कचं खरं आहे. पण आधी इंग्लंडात ही भानगड कशी झाली ते बघ, नाहीतर आयर्लंडचं कळणार नाही.

तू जे बघितलंस त्याला टाइड हाऊस म्हणतात, बांधील पब. जागा ब्रुअरीची, चालवणारा भाडेकरू, आणि करारात लिहिलेलं असतं की बिअर आमच्याकडूनच घ्यायची, आम्ही सांगू त्या भावाने. ही पद्धत जुनीच, पण ती पसरली लायसन्सच्या टंचाईमुळे. १८३० मध्ये इंग्लंडात कायदा आला की थोडी फी भरली की कुणीही बिअरचं दुकान उघडू शकतो, मग अर्थात गल्लोगल्ली दुकानं. १८६९ मध्ये सरकारला पश्चात्ताप झाला आणि बिअरची दुकानं परत मॅजिस्ट्रेटच्या हाताखाली आली, आणि मॅजिस्ट्रेट लोक नवीन लायसन्सला नाही म्हणायला लागले. म्हणजे पब तेवढेच राहणार, उलट कमी होणार. ब्रुअरीवाल्याने हिशोब केला की उद्या शेजारच्या ब्रुअरीने हे पब विकत घेतले तर माझी बिअर कुठे विकू? म्हणून मीच घेतो. सगळ्यांनी एकाच वेळी हाच हिशोब केला. आपल्याकडे वाईन शॉपचं लायसन्स नवीन मिळत नाही म्हणून जुन्याला काय भाव येतो ते माहितीये ना, तसं.

आता गंमत बघ. या खरेदीला पैसे कुठून आले तर शेअर बाजारातून, आणि तो रस्ता दाखवला कुणी, तर डब्लिनच्या गिनेसने. १८८६ मध्ये गिनेस लंडनच्या बाजारात उतरली, ६० लाख पौंडांचा इश्यू, बेअरिंग्ज बँकेने केलेला, लोक अक्षरशः तुटून पडले. ते बघून इंग्लिश ब्रुअऱ्या एकामागून एक बाजारात आल्या आणि आलेल्या पैशातून पब घेत सुटल्या, १८९० च्या दशकात तर भाव आभाळाला. बर्टनची ऑलसॉप नावाची एकेकाळची दादा ब्रुअरी, ती पब खरेदीत उशिरा उतरली, चढ्या भावाने घेतले, आणि १९११ मध्ये रिसीव्हर आला, म्हणजे कर्जात बुडून कारभार दुसऱ्याच्या हाती गेला. आणि ज्या गिनेसने हा सगळा बाजार तापवला तिने त्या पैशातून पब घ्यायचा नाद केलाच नाही.

पिंट_पुराण
+१ जुना पापी. मी एवढंच वाढवतो की आयर्लंडात तेव्हा लायसन्सची टंचाईच नव्हती. इथल्या कोर्टांना लायसन्स नाकारायची कारणं फार थोडी होती, त्यामुळे गावात वीस घरं आणि चार पब असला प्रकार. नवीन लायसन्स बंद झालं ते १९०२ च्या कायद्याने, त्यानंतर नवीन पब काढायचा तर जुनं लायसन्स रद्द करावं लागतं. पण तोवर इंग्लंडातली पब खरेदीची लाट येऊन गेली होती आणि इकडे पब घराघरांत वाटले गेलेले, बापाकडून मुलाकडे.

दुसरं म्हणजे आयरिश पब हा नुसता पब नव्हताच. पुढे किराणा, मागे दारू. चहा, साखर, खारवलेलं डुकराचं मांस, चपला, काही ठिकाणी तर मयताचं सामानसुद्धा त्याच मालकाकडे. लहान गावांत अजून अशी दुकानं आहेत, पुढे बिस्किटांचे डबे आणि मागे पिंट. आता ब्रुअरीला बिअरचं दुकान विकत घ्यायचंय, तिला साखरेची पोती घेऊन काय करायचंय? आणि हा मालक गावचा सावकार, पुढारी, पोस्टमन सगळंच. त्याला भाडेकरू बनवणं सोपं नव्हतं. पाटीवर आडनाव दिसतं त्याचं एक कारण साधं आहे, लायसन्स ज्याच्या नावावर त्याचं नाव दारावर असलं पाहिजे असा कायदाच होता. इंग्लंडातही तो होता पण तिथे ते नाव बारीक अक्षरात चौकटीवर, आणि मोठ्या पाटीवर पबचं नाव, लाल सिंह वगैरे.

डब्लिनची_मावशी
मी या विषयातली तज्ज्ञ नाही पण आल्या आल्या पहिली दोन वर्षं डब्लिनच्या नॉर्थसाइडला एका पबात किचनमध्ये काम केलंय, तेव्हाचं सांगते. तिथे काउंटरमागे भिंतीवर फ्रेममध्ये जुनी लेबलं लावलेली होती, फिकट पिवळी, अंडाकृती, मधे हार्प (ते तंतुवाद्य), खाली गिनेसची सही, आणि त्याच्याही खाली आमच्या मालकांच्या आजोबांचं नाव आणि रस्त्याचं नाव. मला वाटायचं की कुठल्यातरी लग्नाबिग्नासाठी खास छापून घेतलंय. एकदा विचारलं तर मालक हसायलाच लागले. म्हणाले, अगं बाटल्या आम्हीच भरायचो.

म्हणजे ब्रुअरीतून लाकडी पिंपं यायची, आणि तळघरात पबवाला स्वतः बाटल्या धुणार, भरणार, बुचं मारणार, लेबल चिकटवणार, मग काही दिवस ठेवणार म्हणजे आत गॅस धरतो. ही कामं शिकाऊ पोरांची. डब्लिनमध्ये पबातल्या असिस्टंटला क्युरेट म्हणायचे, क्युरेट म्हणजे खरं तर चर्चमधला धाकटा पाद्री! मालक म्हणायचे की हिवाळ्यात बाटल्या धुवून त्यांच्या वडिलांची बोटं उललेली असायची. आणि लेबलाची अट अशी होती की गिनेसचं लेबल हवं असेल तर दुसऱ्या कुणाचा तसला स्टाऊट (म्हणजे गिनेससारखी काळी बिअर) बाटलीत भरायचा नाही. लेबल गिनेस पुरवणार, मोजून.

आता तुम्हीच बघा, पब त्यांचा नाही, बाटली त्यांची नाही, भरणारी बोटं त्यांची नाहीत, पण दुसऱ्याचा माल त्या बाटलीत जायची सोय नाही. माझ्या सासूबाईंची आठवण झाली, घर आमच्या नावावर, किल्ल्या त्यांच्या कमरेला.

जुना_पापी
@मावशी, शेवटच्या वाक्याला साष्टांग. हीच तर गोष्ट आहे. ते लेबल १८६२ पासूनचं. आणि गिनेसची माणसं गावोगाव फिरायची, पबात जाऊन स्टाऊट चाखायची, तापमान बघायची, साठवण नीट नाही म्हणून तक्रार करायची. पब विकत घेतला असता तर छपराची गळती पण त्यांनाच दुरुस्त करावी लागली असती, ते नको होतं.

पब नसण्याचा त्यांना खरा फायदा इंग्लंडात झाला. विचार कर, मी इंग्लिश ब्रुअर आहे, माझे ५०० पब आहेत, मी शेजारच्या ब्रुअरची बिअर माझ्या पबात ठेवीन का? मेलो तरी नाही. पण गिऱ्हाईक स्टाऊट मागतंय, आणि डब्लिनवाल्याचा एकही पब माझ्या गल्लीत नाही, मग त्याच्याशी कसलं वैर? ठेवली. अशा प्रकारे दुसऱ्यांच्या बांधील पबांत गिनेस पोचली. १९६० मध्ये गिनेसने हार्प नावाची लागर (फिकट सोनेरी बिअर) काढली तेव्हाही तेच डोकं, इंग्लंडात विकायला दुसऱ्या मोठ्या ब्रुअऱ्यांना भागीदार करून घेतलं म्हणजे त्यांचे पब आयते मिळाले.

अवांतर: ससेक्समध्ये बोडियमला गिनेसची हॉप्सची (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांची) शेती होती आणि तिथला कॅसल इन हा पब त्यांच्याकडे होता. म्हणजे अगदी सोवळं कडक नव्हतं, पण एका शेताच्या बांधावरचा पब.

लीकाठी
भारी चाललंय, पण माझा कॉर्क राहिला ना बाजूला! आजोबा म्हणतात ते मर्फीजचं हाऊस? डब्लिनने नाही घेतले तर कॉर्कने का घेतले?

बंदरावरचा_बाळ्या
कॉर्कचं मी सांगतो, अकरा वर्षं इथे आहे, आणि इथल्या माणसाला कॉर्कबद्दल विचारलं की तो आधी डब्लिनला चार शिव्या देतो मग विषयावर येतो, मीही आता तसाच झालोय.

तर कॉर्क म्हणजे या बाबतीत आयर्लंडातलं इंग्लंड. बीमिश अँड क्रॉफर्ड १७९२ ची, दोन प्रोटेस्टंट व्यापारी, लोण्याच्या आणि मांसाच्या धंद्यातून बिअरमध्ये आलेले. १८३० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आयर्लंडातली सगळ्यात मोठी ब्रुअरी गिनेस नव्हती, बीमिश होती, हे डब्लिनवाल्याला सांगून बघ, चेहरा बघण्यासारखा होतो. मर्फीज नंतरची, १८५६, लेडीज वेल ब्रुअरी, जिथे आधी अनाथ मुलांचं हॉस्पिटल होतं त्या जागेवर, कॅथलिक घराणं. इथल्या ब्रुअऱ्यांनी आधीपासूनच पब हातात धरून ठेवले. शहर तेवढंच, बंदर भरात, आणि ब्रुअऱ्या एकमेकींच्या उरावर, तर जो पब सोडला तो दुसरीचा झाला. मग ब्रुअरी ब्रुअरीला गिळायची तेव्हा बिअर बनवायच्या भांड्यांपेक्षा तिच्या पबांवर डोळा. १९०१ मध्ये मर्फीजने आर्नॉट्सची ब्रुअरी घेतली, त्याच वर्षी बीमिशने लेन्सची घेतली. मर्फीजच्या पबात मर्फीज, बीमिशच्या पबात बीमिश, आणि गिनेसला कॉर्कात शिरायला इतकी वर्षं लागली त्याचं मोठं कारण हेच. तुझ्या आजोबांच्या बापाला गिनेस मिळत नव्हती म्हणजे चवीचा प्रश्नच नव्हता, काउंटरवर ती नव्हतीच.

आता यातला माझा सगळ्यात आवडता भाग. १९६० नंतर मर्फीजचे दिवस फिरले. इंग्लंडच्या वॉटनी मानबरोबर भागीदारी करून बघितली, त्यांची रेड बॅरल नावाची बिअर इथे कुणी विचारली नाही, ते गेले. मग सरकारी पैसा आला, आणि सत्तरच्या दशकात कोण आलं माहितीये? पबवाले! पबवाल्यांच्या को-ऑपरेटिव्हने ब्रुअरीत हिस्सा घेतला. म्हणजे ज्या ब्रुअरीचे एकेकाळी पब होते, तिच्यात पबवालेच मालक. आपल्याकडे ऊस घालणारा शेतकरीच साखर कारखान्याचा सभासद असतो, सेम टू सेम. आणि शेवटही ओळखीचाच, १९८२ मध्ये रिसीव्हर, १९८३ मध्ये हायनेकेनने घेतली. बीमिशही कॅनडावाल्यांकडून ऑस्ट्रेलियावाल्यांकडे, तिथून स्कॉटिश अँड न्यूकॅसलकडे, करत करत २००८ मध्ये हायनेकेनकडेच आली आणि २००९ मध्ये साउथ मेन स्ट्रीटची ब्रुअरी बंद. आता बीमिश आणि मर्फीज दोन्ही लेडीज वेललाच बनतात, शंभर वर्षं एकमेकांचे पब पळवणारे एका छपराखाली. त्या बंद ब्रुअरीसमोरून रोज ऑफिसला जातो, लाकडी पट्ट्यांची ती जुनी इमारत, सकाळी माल्टचा वास यायचा म्हणे, तो आता येत नाही.

शंकासुर
सगळं गोड चाललंय म्हणून थोडं मीठ टाकतो. "आयर्लंडात पब स्वतंत्र" हे मला अर्धवट वाटतं. १९५९ मध्ये नायट्रोजनवाली ड्राफ्ट (नळाची) गिनेस आली आणि साठच्या दशकात मेटलची पिंपं सगळीकडे गेली, त्याआधी काउंटरवर दोन पिंपं असायची, एकात जिवंत फसफसणारा स्टाऊट आणि एकात मुरलेला शांत, आणि बारमन दोन्ही मिसळून ग्लास भरायचा, ते कौशल्य त्याचं. नंतर काय झालं, नळ कंपनीचा, कूलर कंपनीचा, पाइप साफ करायला येणारा माणूस कंपनीचा, बिघडलं तर फोन कंपनीला. मावशी म्हणतात ती लेबलं भिंतीवर गेली ती तेव्हाच. मग काउंटरवर आठ नळ आहेत आणि आठही दोन कंपन्यांचे, यात आणि टाइड हाऊसमध्ये फरक काय? कागदावर मालक तू. माझा एक मित्र छोट्या ब्रुअरीत सेल्सला होता, नाव घेत नाही, चाळीस पब फिरला तर छत्तीस जण म्हणाले बिअर छान आहे पण नळ रिकामा नाही.

जुना_पापी
@शंकासुर, मुद्दा मान्य पण फरक आहे आणि मोठा आहे. इंग्लंडातल्या भाडेकरूचं घर वरच्या मजल्यावर असतं, करार मोडला तर धंदा आणि घर दोन्ही जातं. आयरिश पबवाला उद्या नळ काढून फेकू शकतो, कंपनी फार तर कूलर घेऊन जाईल. फेकत नाही कारण गिऱ्हाईक गिनेसच मागतं. ती गिऱ्हाइकाची सवय झाली, बेडी नव्हे.

आणि इंग्लंडने बांधील पब तोडायला गेल्यावर काय केलं तेही बघ. १९८९ मध्ये निम्म्याहून जास्त पब ब्रुअऱ्यांचे होते. थॅचर सरकारने नियम केला की २००० च्या वर जेवढे पब असतील त्यातल्या निम्म्यांची गाठ सोडा. ब्रुअऱ्यांनी काय केलं, पब सोडले पण ते गेले पबको नावाच्या नव्या कंपन्यांकडे, ज्या बिअर बनवत नाहीत पण कुठली घ्यायची ते तुम्हाला सांगतात. सावकार बदलला, खतावणी तीच. गिनेसला त्या नियमाची झळच लागली नाही, सोडायला पबच नव्हते.

शंकासुर
सवय कुणी लावली हा पुढचा प्रश्न आहे पण सोडतो, उद्या सकाळी स्टँडअप आहे.

यीस्टवाला
उशिरा आलो, घरी बिअर बनवतो म्हणून एक राहिलेला तुकडा जोडतो. आत्ता आयर्लंडात ब्रुअरीचे पब आहेत, आणि बऱ्यापैकी आहेत, फक्त दिशा उलटी आहे. इंग्लंडात ब्रुअरीने पब घेतले, इथे पबवाल्यांनी ब्रुअरी काढली.

डब्लिनचं पोर्टरहाऊस बघा. आधी ब्रे गावात पब, मग १९९६ मध्ये डब्लिनच्या टेम्पल बार भागात पबातच ब्रुअरी, तांब्याची भांडी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर. आणि तेव्हाचा हट्ट असा की डब्लिनच्या मधोमध पब आणि गिनेस ठेवायची नाही! टुरिस्ट आत यायचा, गिनेस मागायचा, बारमन शांतपणे त्याला स्वतःचा प्लेन पोर्टर (हीही काळीच बिअर) किंवा ऑयस्टर स्टाऊट चाखायला द्यायचा, स्टाऊटमध्ये खरेच शिंपले घालतात, त्यामुळे शाकाहारी मंडळींनी जपून. निम्मे तिथेच बसायचे, निम्मे शेजारी जायचे. गॉलवे बे ब्रुअरी पण तशीच, २००९ मध्ये गॉलवेतल्या सॉल्टहिलच्या ऑस्लो बारमधून सुरू, मग गॉलवे आणि डब्लिनमध्ये स्वतःचे पब. कॉर्कात फ्रान्सिस्कन वेल, १९९८, ती २०१३ मध्ये मोल्सन कूर्सने घेतली.

शंकासुर म्हणतो तेच यांचंही दुखणं होतं, नळ रिकामा नाही. मग स्वतःचा पब हाच एक रस्ता उरतो, कारण तिथे नळ तुझा. २००५ पासून छोट्या ब्रुअरीला एक्साइजमध्ये ५० टक्के सवलत मिळते त्याने बनवणं परवडायला लागलं, पण विकायचं कुठे हा प्रश्न राहिलाच. इतका की ब्रुअरीत आलेल्या पाहुण्याला तिथेच एक ग्लास विकायची परवानगी मिळायला २०१८ चा कायदा यावा लागला, तोही टूरबरोबर आणि संध्याकाळी सातपर्यंतच. म्हणजे १९०२ च्या त्या जुन्या लायसन्सवाल्या कायद्याची सावली अजून आहेच, बिअर बनवणारा स्वतःच्या अंगणात बिअर विकायला मोकळा नाही.

पुण्यात डुलाली नावाच्या छोट्या ब्रुअरीने २००९ मध्ये सुरुवात केली तेव्हा मी तिथे होतो, तिथेही बनवणारा आणि पाजणारा एकच. आपल्याला त्यात काही वेगळं वाटलंच नाही.

लीकाठी
मंडळी, दंडवत. काल गुरुवार होता, आजोबांना निम्मं सांगितलं, को-ऑपरेटिव्हचं ऐकून त्यांनी मान हलवली, म्हणाले माझा मेहुणा होता त्यात, पैसे बुडाले त्याचे. मग त्यांनी मला बाहेर नेलं, भर थंडीत, आणि दाराच्या वरच्या बाजूला काठीने दाखवलं. मालकाच्या आडनावाची पाटी आहे ना, ती मागच्या जुन्या पाटीपेक्षा चार बोटं आखूड आहे. एका टोकाला हिरव्या रंगाखालून जुन्या सोनेरी अक्षराचा शेपटीसारखा तुकडा बाहेर आलाय. मी म्हटलं हा वाय आहे का, मर्फीचा? ते म्हणाले वाय नंतरचा एस आहे, नीट बघ, आणि आता आत चल, माझ्या पिंटचा फेस बसलाय. बीमिश होता.